अंक मागच्या पानापासून वाचावा

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात कलेतल्या ज्या बंडखोर चळवळी उभ्या राहिल्या, त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना आपण बहुतेक वेळा जाहीरनाम्यांपाशीच थांबतो. २० फेब्रुवारी १९०९, पॅरिसचं ‘ल फिगारो’, इटालियन कवी मारिनेत्तीचा भविष्यवादाचा जाहीरनामा. १९२४, आंद्रे ब्रेतॉं, अतिवास्तववाद. एम.ए.च्या वर्गात या तारखा पाठ होतात. पण ‘ल फिगारो’च्या पहिल्या पानावर एक दिवस झळकण्याआधी मारिनेत्ती १९०५ पासून मिलानमधून ‘पोएझिया’ नावाचं नियतकालिक चालवत होता. जाहीरनामा कुणाकुणाला पाठवायचा ती पत्त्यांची यादी, लिहिणाऱ्यांच्या ओळखी, छापखान्याचा अनुभव, हे सगळं त्यानं तिथंच कमावलं होतं.

चळवळ आधी जन्मली आणि मग तिनं मुखपत्र काढलं, असा क्रम आपण गृहीत धरतो. बहुतेक ठिकाणी तो उलटा आहे. हेरवार्ट वाल्डेननं बर्लिनमध्ये ‘देर श्टुर्म’ हे साप्ताहिक मार्च १९१० मध्ये सुरू केलं. त्याच नावाचं कलादालन आलं १९१२ मध्ये. हॉलंडचा ‘दे स्टाइल’ गट तर मासिकाबाहेर कुठं होता हे दाखवणंच अवघड आहे. थिओ फान दूसबुर्खनं ऑक्टोबर १९१७ मध्ये लायडनहून पहिला अंक काढला, चित्रकार मोंद्रियानचा चित्रकलेवरचा दीर्घ निबंध त्यात पहिल्या अंकापासून क्रमशः छापला, आणि या गटाचे सगळे सभासद एका खोलीत एकत्र असे कधी जमलेच नाहीत. ज्याला आपण गट म्हणतो ती अंकाची अनुक्रमणिका होती.

म्हणून जुना अंक हातात आला की तो मागच्या पानापासून वाचावा असं मी आग्रहानं सांगतो. मुद्रक-प्रकाशकाची ओळ, किंमत, वर्गणीचा पत्ता, जाहिराती, ‘आमच्याकडे आलेले अंक’ अशी यादी. कविता आणि घोषणा चळवळीनं स्वतःबद्दल काय म्हटलं ते सांगतात. मागचं पान ती कशावर उभी होती ते सांगतं.

१९२० च्या दशकातला मध्य युरोपातला असा एखादा अंक घ्या. बुडापेस्टहून हद्दपार होऊन व्हिएन्नाला आलेल्या लायोश काशाकचं ‘मा’, झाग्रेबला १९२१ मध्ये सुरू होऊन पुढं बेलग्रेडला गेलेलं ‘झेनिट’, बुखारेस्टचं ‘कॉन्टिम्पोरानुल’, वॉर्साचं ‘ब्लोक’. यांच्या पानांवर एकमेकांची नावं आणि पत्ते छापलेले दिसतात. ही शोभेची यादी नव्हती. हे अंक एकमेकांना बदल्यात पाठवले जात. विकत घेण्याइतके पैसे कुणाकडंच नव्हते. बदली अंक आला की त्यातला मजकूर भाषांतरित होऊन पुढच्या अंकात लागे. चित्रांचं तर याहून पुढचं होतं. त्या काळी चित्र छापायचं म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर कोरलेला, लाकडी ठोकळ्यावर बसवलेला ब्लॉक लागे आणि तोच अंकातला सर्वांत महाग भाग असे. मग एका संपादकानं केलेला ब्लॉक दुसऱ्याकडं उसना जाई. दोन वेगळ्या देशांतल्या अंकांत एकच चित्र त्याच आकारात, कधी त्याच ओरखड्यासह दिसतं, त्याचं कारण अनेकदा हे असतं. चित्राची लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये मोजून ठेवली तर ब्लॉक कुठून कुठं फिरला ते बरंचसं लावता येतं. शैलीच्या प्रभावावर पानंच्या पानं लिहिण्याआधी एवढं मोजमाप तरी करावं.

आता छापखान्यात शिरू, कारण या अंकांचं रूप तिथं ठरलं. इथलं गणित मराठवाड्यातल्या ज्या कुणी खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, जमान्यात अंक काढला असेल त्याला तोंडपाठ असणार. डेमी कागदाचा ताव साडेसतरा बाय साडेबावीस इंच. त्याला तीन घड्या घातल्या की आठ पत्रं, म्हणजे १६ पानं. कडा कापून पान उरतं साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांचं. हा एक फर्मा. ६४ पानांच्या अंकाचे चार फर्मे. ५०० प्रती काढायच्या तर २००० ताव, म्हणजे चार रीम, आणि यंत्रावर दाब व शाई जुळवताना वाया जातील ते वेगळे. ७२ पानं झाली तर अर्धा फर्मा निभावतो, खिळ्यांच्या एकाच जुळणीनं तावाच्या दोन्ही बाजू छापून तो मधोमध कापता येतो. पण ६८ पानं झाली की पंचाईत. चार पानांसाठी मजुरी जवळपास अर्ध्या फर्म्याची लागते. अशा वेळी एक कविता गळते किंवा एक जाहिरात येते. अंकाच्या शेवटी अचानक लागलेली जाहिरात, किंवा लेखाखाली काही संबंध नसताना बसवलेलं रेखाटन दिसलं तर आधी पानांची बेरीज करून पाहावी.

दुसरी अडचण खिळ्यांची. लहान छापखान्याकडं एका आकाराचे खिळे अख्ख्या अंकाला पुरतील इतके क्वचितच असत. एक फर्मा जुळवायचा, छापायचा, मग खिळे सुटे करून पेटीच्या घरांत परत टाकायचे आणि तेच खिळे घेऊन पुढचा फर्मा जुळवायचा. म्हणजे पहिला फर्मा छापून मोकळा झालेला असतो तेव्हा शेवटच्या फर्म्याचा मजकूर संपादकाकडं अजून यायचा असतो. या अंकांच्या सुरुवातीच्या पानांवर दिलेलं आश्वासन शेवटच्या पानांवर मोडलेलं दिसतं, एखाद्या वादाला त्याच अंकात उत्तर मिळतं, त्याचं कारण ही आठवड्यांची सरकत गेलेली छपाई. प्रुफं अडकवून ठेवणारा संपादक म्हणजे छापखान्याचे खिळे अडकवून ठेवणारा गिऱ्हाईक. त्याचा अंक मागं पडणारच.

आणि मांडणी. भविष्यवाद्यांची, दादावाल्यांची (पहिल्या महायुद्धाच्या काळात रूढ कलाच धुडकावणाऱ्या चळवळीची) तिरकी, उसळणारी, लहानमोठ्या अक्षरांची पानं आज संगणकावर दहा मिनिटांत होतील. खिळ्यांच्या छपाईत सगळं काटकोनात असतं. ओळी, ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या, मोकळ्या जागेतले लाकडी ठोकळे, हे सगळं लोखंडी चौकटीत पाचरींनी आवळलेलं असतं. एक ओळ तिरकी लावली की तिच्या दोन्ही बाजूंना त्रिकोणी पोकळ्या राहतात. त्या नेमक्या मापानं भरल्या नाहीत तर खिळे सैल राहतात. शाईचा रूळ ते उचलतो, खिळा आडवा पडतो आणि पुढच्या दाबाखाली शेजारची अक्षरंही चेपतो. म्हणून तिरक्या पानामागं एक तर अतिशय चिकाटीचा जुळारी, म्हणजे खिळे जुळवणारा कामगार, असतो, नाही तर ते पान हातानं चितारून, कागद चिकटवून तयार केलेलं असतं आणि त्याचा सबंध ब्लॉक केलेला असतो. रशियन चित्रकार एल लिसित्स्कीनं कवी मायाकोव्हस्कीच्या कवितांचं पुस्तक १९२३ मध्ये बर्लिनला केलं, तेव्हा चित्रंसुद्धा छापखान्याच्या पेटीतल्या अक्षरांतून आणि जाड-बारीक रेषांतून उभी केली. त्या पानांचं सौंदर्य पाहताना जुळाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नसतं याची मला खरोखर खंत वाटते.

ही करामत देवनागरीत जशीच्या तशी येत नाही. रोमनमध्ये शब्दातलं एक अक्षर मोठं करा, खाली सरकवा, उलटं ठेवा, शब्द वाचता येतो. देवनागरीत शिरोरेषा तुटते. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार असा तीन मजली कारभार. मात्रेचा खिळा पुढं लोंबणारा, नाजूक. सरळ ओळीतसुद्धा छपाई चालू असताना तो तुटतो. म्हणून एकाच अंकाच्या दोन प्रतींमध्ये एकीत रफार आहे आणि दुसरीत नाही असं आढळतं. ती दुसऱ्या आवृत्तीची खूण नसते, त्याच दिवशी सकाळी आणि दुपारी छापलेल्या प्रती असतात. पाठभेद नोंदवणाऱ्या अभ्यासकांनी एवढी काळजी घ्यावी. मला वाटतं, मराठीतल्या बंडखोर अंकांनी आपली जिद्द जुळणीपेक्षा मुखपृष्ठावर, हस्ताक्षरावर, अंकाच्या आकारावर आणि कागदावर खर्च केली, त्याला ही लिपीची अडचणही कारण आहे.

सायक्लोस्टाइलनं ही अडचण थोडी ओलांडली. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांचं ‘शब्द’ १९५४ ते १९६० या काळात मुंबईतून सायक्लोस्टाइल करून निघत होतं. मेणाचा थर दिलेल्या स्टेन्सिलवर फीत काढलेल्या टंकयंत्रानं मारायचं, किंवा टोकदार लेखणीनं थेट लिहायचं, चित्रही काढायचं. जिथं मेण निघालं तिथून शाई झिरपते. छापखान्याची गरज नाही, ब्लॉकचा खर्च नाही. काय बिघडतं? टंकयंत्राची कळ जोरात पडली की व, ब यांच्या पोटातला तुकडाच गळून पडतो आणि तिथं काळा ठिपका येतो. हळू पडली तर अक्षर उमटतच नाही. काही शे प्रतींनंतर स्टेन्सिल सुरकुततं, ताणतं, फाटतं. शाई पटकन शोषणारा खरखरीत कागद लागतो आणि दोन्ही बाजूंनी छापलं की मागची अक्षरं पुढं दिसतात. असे अंक आज सर्वांत आधी नष्ट होत आहेत, कारण तो कागद काही दशकांतच तांबूस होऊन घडीवर मोडतो.

छापून झालं की टपाल. इथं कलेच्या इतिहासातलं सर्वांत दुर्लक्षित प्रकरण दडलेलं आहे. अमेरिकेतल्या ‘द लिटल रिव्ह्यू’नं जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ ही कादंबरी मार्च १९१८ पासून क्रमशः छापायला घेतली. टपाल खात्यानं त्यातले चार अंक जप्त करून जाळले. १९२१ मध्ये अश्लीलतेचा खटला होऊन मार्गारेट अँडरसन आणि जेन हीप या दोघी संपादकांना प्रत्येकी ५० डॉलर दंड झाला. पुस्तक छापून दुकानात ठेवता येतं, मासिकाला टपालावाचून गती नाही, त्यामुळं त्याचा गळा तिथंच धरता येतो. ‘झेनिट’वर १९२६ मध्ये बंदी आली. टोकियोच्या ‘माव्हो’नं १९२४ मध्ये तिसऱ्या अंकाच्या मुखपृष्ठावर चक्क फटाका चिकटवला आणि तो अंक सेन्सॉरनं अडवला.

आपल्याकडं टपालानं वेगळ्या तऱ्हेनं कोंडी केली. १८९८ च्या टपाल कायद्यात वृत्तपत्राच्या सवलतीच्या दरासाठी दोन अटी होत्या. अंक ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतरानं निघता कामा नये आणि खऱ्याखुऱ्या वर्गणीदारांची यादी हवी. म्हणजे त्रैमासिक बाहेर, अनियतकालिक तर बाहेरच. मग अंक बुकपोस्टानं जाई, पाकिटाचं तोंड उघडं ठेवून, आत चिठ्ठी न घालता. वजन वाढलं की दर वाढतो, म्हणून कागद पातळ. पातळ कागद म्हणजे आरपार दिसणारी छपाई. दिसायला हा सौंदर्यदृष्टीचा निर्णय वाटतो, होता तो टपालाच्या दराचा.

अशा छोट्या अंकांतून आणि त्यांच्या घाईतून काय घडतं त्याची दोन उदाहरणं मला फार महत्त्वाची वाटतात. न्यूयॉर्कमध्ये १९१७ साली फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशॉंनं ‘आर. मट’ या नावानं मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं आणि ते मांडलं गेलं नाही. मूळ वस्तू हरवली. आज आपण जिच्याबद्दल बोलतो ती वस्तू ‘द ब्लाइंड मॅन’च्या मे १९१७ च्या दुसऱ्या अंकात छापलेल्या, छायाचित्रकार स्टिग्लिट्झनं काढलेल्या छायाचित्रामुळं आणि सोबतच्या मजकुरामुळं उरली. अंक दोनच निघाले. त्यांतल्या दुसऱ्यानं एका शतकाची कलाचर्चा बदलली. दुसरं उदाहरण चित्रकार पिकाबियाच्या ‘३९१’ या नियतकालिकाचं. मोनालिसाला मिशा आणि दाढी काढलेलं द्युशॉंचं चित्र मार्च १९२० च्या अंकात घ्यायचं होतं. मूळ चित्र वेळेवर पोचलं नाही, म्हणून पिकाबियानं दुसऱ्या छापील चित्रावर स्वतःच मिशा काढल्या आणि दाढी विसरला. जगाला ती कृती पहिल्यांदा दिसली ती दुसऱ्याच्या हातची आणि अपुरी. मासिकाची तारीख पाळायची होती.

लिहिणारे कमी पडतात हा प्रत्येक छोट्या संपादकाचा अनुभव. फान दूसबुर्खनं ‘दे स्टाइल’मध्ये आय. के. बॉन्सेट नावानं दादा कविता लिहिल्या, आल्दो कामिनी नावानं गद्य लिहिलं. आपल्याच मासिकात आपल्याच भूमिकेच्या विरुद्ध बोलायला त्याला ही नावं कामी आली. कोणत्याही अनुक्रमणिकेतली एकाच सुरात बोलणारी तीन नावं पाहिली की पत्ते जुळवून बघावेत.

या चष्म्यातून मराठवाड्याकडं पाहिलं की काय दिसतं? १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात, वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू केलं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये झालं. म्हणजे मराठीतून शिकलेला, पदवीपर्यंत पोचलेला तरुण वाचक इथं मोठ्या संख्येनं तयार झाला तो साठच्या दशकात. त्याच दशकात औरंगाबादहून भालचंद्र नेमाडे आणि चंद्रकांत पाटील यांच्या पुढाकारानं ‘वाचा’ निघालं. त्याच दशकाच्या अखेरीस मिलिंद महाविद्यालयाच्या नागसेनवन परिसरातून ‘अस्मिता’ आणि पुढं ‘अस्मितादर्श’ हे दलित साहित्याचं त्रैमासिक उभं राहिलं. गंगाधर पानतावणे यांनी ते २०१८ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत जिवापाड सांभाळलं. मुंबई-पुण्याच्या प्रस्थापित मासिकांत जागा मिळत नव्हती, म्हणून आपलं पान आपण छापायचं, एवढं युरोपातल्या अंकांशी साम्य खरं आहे.

पण फरक मोठा आहे आणि तो झाकू नये. ‘देर श्टुर्म’च्या मागं कलादालन होतं, चित्रं विकून मासिक चालत असे. ‘कॅमेरा वर्क’ हे छायाचित्रणाचं नियतकालिक स्टिग्लिट्झनं १९०३ ते १९१७ अशी १४ वर्षं ५० अंक काढून चालवलं, शेवटी वर्गणीदार चाळीसच्याही खाली आले, तरी त्याच्या हातात साधनं होती. ‘अस्मितादर्श’च्या मागं विकायला चित्रं नव्हती. होते ते शिक्षक, कारकून, विद्यार्थी असे वर्गणीदार आणि गावोगाव भरणारे लेखक-वाचक मेळावे. जो तरुण मेळाव्यात कविता वाचे तो पुढच्या अंकात लिही आणि आपल्या गावात अंकही खपवी. एखाद्या गटानं दोन अंक काढून थांबावं यात मला काही उणं वाटत नाही, ‘द ब्लाइंड मॅन’नं ते दाखवलंच आहे. तरी दर तीन महिन्यांनी, सवलतीच्या टपालाशिवाय, पाच दशकं नव्या लिहिणाऱ्याला पहिलं पान देत राहणं ही जास्त अवघड गोष्ट आहे. मराठी समीक्षेनं तिला प्रयोगशीलतेच्या इतिहासात जेवढी जागा द्यायला हवी होती तेवढी दिलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

युरोपातले अंक आता घरबसल्या पाहता येतात. आयोवा विद्यापीठाच्या दादा संग्रहात ‘दादा’, ‘३९१’, ‘मेर्झ’ आहेत. प्रिन्स्टनच्या ब्लू माउंटन प्रकल्पात ‘देर श्टुर्म’ आहे. मॉडर्निस्ट जर्नल्स प्रकल्पात ‘ब्लास्ट’ आणि ‘द लिटल रिव्ह्यू’ आहेत. आपले अंक नांदेड, परभणी, अंबाजोगाई, लातूर, संभाजीनगर इथल्या घरांच्या माळ्यांवर आहेत. ग्रंथालयांत ते मिळतात तेव्हा बहुधा वर्षाचे अंक एकत्र बांधलेले असतात आणि बांधणाऱ्यानं मुखपृष्ठं व जाहिरातींची पानं आधीच काढून टाकलेली असतात. म्हणजे ज्या मागच्या पानाबद्दल मी सांगतो आहे ते पान ग्रंथालयात नसतं, घरातच असतं.

घरात असा गठ्ठा सापडला तर पहिल्यांदा सुतळी सोडा, ती कडा कापते. उन्हात पसरू नका. आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन जुन्या कागदाला काही तासांत कडक करतं. सावलीत, वारा लागेल असं ठेवा आणि मऊ कोरड्या ब्रशनं शिवणीकडून कडेकडं धूळ काढा. गंजलेली तार ओढून काढू नका. अंक मधोमध उघडून तारेचे वाकलेले पाय पातळ बोथट पात्यानं उचलून सरळ करा, मग मागून अलगद बाहेर घ्या. त्याच भोकांतून पांढरा सुती दोरा ओवा. चिकटपट्टी कधीच लावू नका, दहा-पंधरा वर्षांत तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो. लॅमिनेशनही नको, ते पुन्हा निघत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट दिवसांत प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेल्या अंकाला बुरशी धरते, त्यापेक्षा धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून लाकडी कपाटात आडवे ठेवा. कसरीसाठी डांबरगोळ्या कागदाला चिकटून ठेवू नका.

स्कॅन करताना मजकूर ३०० डीपीआयला चालतो, मुखपृष्ठ आणि रेखाटनं ६०० ला घ्या, आणि कृष्णधवल न करता रंगीत घ्या, म्हणजे डाग आणि अक्षर यांतला फरक राहतो. सगळी पानं घ्या, कोरीसुद्धा. नोंद करताना अंकाचा क्रमांक, छापलेला महिना, किंमत, पानांची संख्या, आकार, मुद्रकाचं नाव आणि गाव एवढं तरी लिहा. १८६७ च्या कायद्यानं मुद्रक-प्रकाशकाची ओळ छापणं बंधनकारक होतं, ती बहुधा शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडते. ती ओळ नसेल तर तेही लिहा. पेन्सिलनं, वेगळ्या चिठ्ठीवर.

अंक ज्या पाकिटातून आला ते पाकीट किंवा वेष्टणाची पट्टी उरली असेल तर फेकू नका. अनियतकालिकांवर छापलेला महिना आणि अंक प्रत्यक्ष बाहेर पडल्याचा दिवस यांत कित्येक महिन्यांचं अंतर असू शकतं, आणि खरी तारीख टपालाच्या शिक्क्यावर असते.